अर्जदार वामनराव पोंक्षे

आमच्या हिनं शेजारच्या वामनराव पोंक्ष्यांना वाटीभर अळूची भाजी दिली, तर संध्याकाळी वाटी धुऊनपुसून परत आली आणि तिच्यात एक चिठ्ठी होती. 'अळूची भाजी, वाटी एक, पोचली. चिंच कमी. वा. पो.' ही आठवडाभर धुमसत होती. मी तिला समजावलं की यात टोमणा नाही, ती नुसती पोच आहे, आणि चिंच खरंच कमी होती. शेवटचं मी बोलायला नको होतं.

पोच हे वामनरावांचं वेड. त्यांची सारी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलेली. माल ताब्यात दिला, सही घेतली, विषय संपला. सही नाही तर माल दिलाच नाही. हा तिथला कायदा त्यांनी पेन्शनीत निघाल्यावर वडगावात सगळ्यांना लावला. लग्नाची पत्रिका घेऊन कोणी आलं की पाकिटावर 'पोचली' असं लिहून, खाली सही करून तीच पत्रिका ते त्याच्या हातात परत देत. त्यामुळे काही यजमान कायमचे दुखावले. देवळात नारळ दिला की गुरवापुढे हात पसरून उभे राहत. गुरवानं प्रसादाची एक कवड हातावर ठेवली की म्हणत, "निम्म्याचीच पोच मिळाली." ते नोकरीत असतानाच बायको वारलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे घरात त्यांना आवरणारं कोणी नव्हतं.

असा माणूस शेजारी असणं हा एक ताप. तो रोज आपल्या टेबलासमोर येणं हा त्याहून मोठा ताप, आणि तो माझ्याच नशिबी होता. वडगावातल्या एका सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज घेऊन त्यांवर शिक्का मारायचं काम माझ्याकडे होतं. वामनराव कचेरी उघडायच्या आधी पायरीवर हजर असत. बाजारातल्या गटारावर फरशी का नाही, रस्त्यावरचं वडाचं झाड कोणाच्या हुकमानं तोडलं, तोडलेलं लाकूड कोणाच्या चुलीत गेलं, असे त्यांचे अर्ज. अर्ज ठेवला की हात पुढे करून म्हणत, "पोच." शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला लावत. त्यांना फाटकात पाहिलं की आमचा हेडक्लार्क चहाला निघून जाई आणि साहेब मागच्या दारानं. आम्ही हसायचो. माझं हसणं संपलं ते करवंदांपाशी.

करवंदांच्या दिवसांत करंजवाडीची भागामावशी बाजारात पाटी घेऊन बसायची. करंजवाडी ही ठाकरांची वाडी, पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला. भागामावशी वयानं वामनरावांहून मोठी, काटक, आणि गिऱ्हाइकाला न घाबरणारी. वामनरावांनी तिचं एक करवंद तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं.

"याला औषधाचा वास येतोय. का येतोय ते लेखी द्या."

"मला लिवाया येतं व्हय?" ती म्हणाली. "वढ्याला धुऊन आनल्यात. वढाच तसला झालाय. वाडीला चला, दावते."

दुसरा कोणी असता तर कुरकुर करत निघून गेला असता. वामनराव छत्री घेऊन तिच्या मागोमाग चालू लागले. रविवार होता, मला उद्योग नव्हता, म्हणून मीही गेलो.

वाडीच्या वरच्या अंगाला, माळावर, नवा रंगाचा कारखाना उभा राहिला होता. त्याचं सगळं सांडपाणी सरळ ओढ्यात. ओढा लाल. काठचे दगड लाल. वाडीतल्या पुरुषांची धोतरं गुलाबी झालेली, लेकरांच्या अंगावर पुरळ, गाभण शेळ्या पोटातली पिल्लं टाकत होत्या. बाया ओढ्यालगतच्या वाळूत खड्डा खणून त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं कळशीत भरत होत्या. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. झिऱ्याचं पाणीही तांबूसच. वाडीतली माणसं कारखान्यात सांगायला गेली, तर मुकादम म्हणाला होता, "कपडे फुकट रंगवून मिळतायत, आणखी काय पाहिजे?" ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही जाते.

वामनराव मात्र चिडले नाहीत. काठावर उभे राहून त्यांनी विचारलं, "हा माल तुमच्या ताब्यात देताना सही कुणाची घेतली?"

"कुनाचीच न्हाई," भागामावशी म्हणाली.

"मग आपण तो परत पाठवू."

त्या दिवसापासून त्या माणसाला दुसरा विषय उरला नाही. अर्ज लिहिला: 'आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे करंजवाडीचे रहिवासी. या ओढ्याचे पाणी आम्ही व आमची गुरे पितो.' पहिली सही स्वतःची. मी म्हटलं, "वामनराव, तुम्ही वडगावात राहता." ते म्हणाले, "'ते पितात' असं लिहिलं, तर साहेब विचारील, मग तुमचं काय जातं? 'आम्ही'च पाहिजे." मग प्रत्येक झोपडीत जाऊन अख्खा अर्ज मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांनी एकाही अंगठ्याला शाई लावली नाही. शेवटच्या झोपडीपर्यंत निम्म्या वाडीला अर्ज पाठ झाला होता.

दर रविवारी ते वाडीवर जायचे, वरून काय उत्तर आलं ते सांगायला. बहुतेक वेळा काही आलेलं नसे, तेही सांगायला. गेलं की भागामावशी गुळाचा खडा आणि लोटाभर पाणी पुढे करायची. मी "आत्ताच प्यालोय" म्हणून हात जोडायचो. वामनराव डोळे घट्ट मिटून एका दमात लोटा रिकामा करत आणि माझ्याकडे तुच्छतेनं बघत. "अर्जात 'आम्ही' लिहिलंय," असं वर ऐकवत.

अर्ज आमच्याकडून वर गेला, वरून आणखी वर गेला, तिथून बाजूच्या खात्यात गेला आणि तिथून पुन्हा आमच्याकडे आला, कारण विषय त्यांचा नव्हता. पुन्हा वर पाठवला. मग एकदाचं उत्तर आलं. अर्ज अभिप्रायासाठी संबंधित कारखान्याकडे पाठवला होता, कारखान्यानं कळवलं होतं की तक्रारीत तथ्य नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. ज्याच्याविरुद्ध ओरड, त्यालाच विचारायचं की ओरड खरी आहे का! आणि हे लिहिणाऱ्याला पगार मिळतो, बढती मिळते, निरोपाच्या वेळी हारही मिळतो. मी तो कागद वामनरावांच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस कचेरी पेटवील. त्यांनी कागद घेतला, त्यावर 'पोचला' लिहून सही केली आणि म्हणाले, "समक्ष पाहणीची मागणी करू."

त्यांनी इतके अर्ज केले, की अखेर त्यांना कंटाळून वरचे एक साहेब पाहणीला यायला तयार झाले. वामनराव पहाटेपासून आमच्या कचेरीच्या फाटकात उभे. "साहेब लोक वाटेत हरवतात," म्हणून ते जीपमध्ये साहेबांच्या शेजारीच बसले. कागदपत्रं मांडीवर घेऊन मी मागे. वाटभर वामनराव सांगत होते आणि साहेब खिडकीबाहेर बघत होते.

वाडीच्या तोंडाशी जीप थांबली आणि आम्ही बघतच राहिलो. वाट झाडलेली, सडा घातलेला, देवीच्या देवळापुढे आंब्याचे टहाळे बांधून मांडव उभारलेला. मांडवात घोंगडी. धुतलेल्या गुलाबी धोतरात सगळी वाडी ओळीनं उभी. साहेब घोंगडीवर टेकले. भागामावशीनं घासून लखलखीत केलेला तांब्या पुढे केला, सोबत गूळ. साहेबांनी घोट घेतला, मग सगळा तांब्या संपवला.

"वा. गार आहे. कुठलं पाणी, बाई?"

"हितलंच जी," भागामावशी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली.

वामनराव ताडकन उठले. "साहेब, ओढा त्या करंजाच्या झाडांमागे आहे. हाकेच्या अंतरावर. चला."

साहेबांनी उन्हाकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. "चलायचं कशाला? पाणी तर मी स्वतः प्यालो की."

आणि ते उठून जीपकडे गेले. ओढा तेव्हा करंजांच्या पलीकडे लालभडक वाहत होता, मी नंतर जाऊन बघितला. त्या माणसाला सगळं कळलं होतं. त्याला न बघण्यासाठी एक निमित्त हवं होतं, ते वाडीनं गुळासकट हातावर ठेवलं. अहवाल आला तो असा: 'पाणी समक्ष पिऊन पाहिले. गोड आहे.' त्यावर शिक्का मारताना मी इतक्या जोरानं मारला, की कागद फाटला. मला त्याबद्दल बोलणी बसली. साहेबांना कसलीच बसली नाहीत.

अहवाल वाचून वामनराव तडक वाडीवर निघाले. म्हातारीला काही वेडंवाकडं बोलतील म्हणून मी मागोमाग धावलो. ते बोललेच. अंगणात उभे राहून ओरडले, "तो आला होता कशाला? त्याला ते लाल पाणी पाजायचं सोडून तुम्ही कुठलं पाणी आणलंत?"

"वरच्या टाक्याचं," भागामावशी म्हणाली. वाडीमागच्या डोंगरात, अर्ध्या चढावर, कातळात कोरलेलं देवीचं टाकं आहे. पाणी थोडं, चढ जीवघेणा, म्हणून ते देवाला आणि पाहुण्याला एवढंच वापरायचं, अशी तिथली रीत.

"तेच चुकलं. ओढ्याचंच द्यायचं होतं."

"दारात आलेल्या मान्साला? ते पानी?" ती म्हणाली. "मंग तुमाला बी तेच द्याया पायजे व्हतं."

वामनरावांनी विचारलं, "म्हणजे? मी काय पीत होतो?"

"टाक्याचंच की. तुमी खालच्या वळनावर दिसलात की माजी सून कळशी घिऊन वर पळायची."

मला क्षणभर हसू आलं. छत्री घेतलेले वामनराव सावकाश चढ चढतायत आणि पलीकडून ती सून कळशी घेऊन जिवाच्या आकांतानं टाक्याकडे धावतेय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं. मग वामनरावांचं तोंड पाहिलं आणि हसू गेलं. ते ओट्यावर बसले. इतके रविवार डोळे मिटून ते गोड पाणी पीत आले होते.

"मी खोटा अर्ज केला," ते म्हणाले. "आम्ही पितो, असं लिहिलं मी. भागाबाई, आत माठात जे आहे ते द्या."

"ते आमच्या घरातलं हाय. पाव्हन्याला न्हाई द्येत."

"मी पाहुणा नाही."

"पाव्हना न्हाई तर कोन?"

वामनराव आता रडतील, असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "माझ्या घरी मला पाणी द्यायला कोणी नाही. एवढ्या लांब मी ओढ्यासाठी येतो, असं मला आजवर वाटत होतं."

आणि भागामावशी चिडली. तिला चिडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. साहेबावर नाही, कारखान्यावर नाही, समोर बसलेल्या वामनरावांवर. ती आत गेली, माठातलं तांबूस पाणी लोट्यात घेऊन आली आणि तिनं लोटा त्यांच्यापुढे आदळला.

"पी मंग. माजी नातवंडं रोज पित्यात, तू बी पी. आन् राती पोट दुकलं तर वरडू नगंस."

वामनराव प्याले. या खेपेला डोळे उघडे ठेवून, सगळा लोटा. तोंड वेडंवाकडं झालं, पण खाली ठेवला नाही. मी पुढे होऊन अडवायला हवं होतं म्हणाल, तर त्या दोघांच्या मध्ये जायची माझी छाती नव्हती.

परतीच्या वाटेवर त्यांना दर थोड्या वेळानं करवंदीच्या जाळीमागे जावं लागलं. मी छत्री धरून वाटेवर उभा. मनात साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. वामनराव जाळीतून बाहेर आले, पांढरेफटक पडलेले, धोतर सावरत. म्हणाले, "उद्या नवा अर्ज. साहेबांनी ओढा न बघता अहवाल दिला, म्हणून साहेबांवर."

"आधी डॉक्टर," मी म्हणालो.

ते ऐकतच नव्हते. पोटावर हात धरून तसेच उभे राहिले, वाडीच्या दिशेनं बघत.

"मला तिनं 'तू' म्हटलं," ते म्हणाले. "आई गेल्यापासून मला कुणी 'तू' म्हटलं नव्हतं." आणि पुन्हा घाईघाईनं जाळीमागे गेले.