गुणाजी बैलाची कबुली

नंदीबैल गुणाजी याने सरपंचांच्या सत्काराचा हार खाल्ल्याचा गुन्हा भर कोर्टात कबूल केला, म्हणून त्याला सहा महिन्यांची साधी कैद झाली. कायद्यापुढे सगळे सारखे. न्यायाधीश गोसावीबाईंनी "गुन्हा कबूल आहे?" असे विचारले आणि गुणाजीने झूल हलेपर्यंत मान डोलावली.

त्याचा मालक साहेबराव फुलमाळी डगमगणारा गडी नव्हता. शिक्षा झाल्यावरही कबुलीला आव्हान देता येते, हे त्याला तुरुंगाच्या दाराशी वैरण पोचवताना कळले. तो तडक खोत वकिलांकडे गेला.

"कबुली स्वखुशीची नव्हती, हे दाखवावं लागेल," खोत म्हणाले. "कुणी धमकावलं? मारहाण?"

"न्हाई जी, माझ्याच हातानं झालं." साहेबरावाने कमरेची गुबगुबी पुढे केली. "बैलाला कुणी बी प्रश्न इचारला की माझा हात या ढोलकीवर जातोय. कोर्टात बी गेला. ही वाजली की त्यो हो म्हणतोय."

खोतांनी चष्मा काढला. "हे कोर्टात सांगितलंत, तर पाऊस पडेल का, पोरीचं लग्न जमेल का, हे तुमच्या बैलाला पुन्हा कोण विचारणार? धंदा बसेल."

"बसू द्या. बैल सुटला पायजे."

सुनावणीला सरकारी वकिलांनी जोरदार हरकत घेतली. "याच बैलानं माझ्या बदलीला मान डोलावली होती. बदली झाली. ती पण आता रद्द समजायची का?"

"बदली कायम राहील," गोसावीबाई म्हणाल्या. मग त्यांनी गुबगुबी कारकुनाकडे जमा करायला लावली आणि थेट आरोपीला विचारले, "ती कबुली तुम्ही स्वखुशीनं दिली होती का?"

साहेबरावाचा हात कमरेकडे गेला. तिथे काही नव्हते. गुणाजी बराच वेळ विचारात उभा राहिला आणि मग त्याने मान आडवी हलवली. हे त्याला कुणीही शिकवलेले नव्हते. साहेबरावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

शिक्षा रद्द झाली. हाराचा खटला खरे तर नव्याने चालायचा होता, पण बैल स्वतःच्या मनाने बोलू लागल्यावर सरपंचांना त्यात राम वाटेना. त्यांनी तक्रार मागे घेतली.

फाटकाबाहेर साहेबरावाने कासरा धरला. "चल लेकरा, घरी जायचं न्हवं?"

गुणाजीने थोडा विचार केला आणि मान पुन्हा आडवी हलवली.

साहेबरावाला ते फार लागले. उभ्या जन्मात त्याने बैलाला हजारो प्रश्न विचारले होते, पण उत्तराची वाट कधी पाहिली नव्हती. त्याने कासरा गुणाजीच्या पाठीवर टाकला. बैल वळला आणि धरणाच्या रस्त्याला लागला. साहेबराव मागून चालू लागला.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याने हाक मारली, "साहेबराव, आज कुणीकडं दौरा?"

"मला काय इचारता?" साहेबराव न थांबता म्हणाला. "त्येला इचारा."