भास्करभाऊंचा बाण

३ जुलै. आजचं काम: ऑफिसातले जुने मॉनिटर उतरवून नवे, मोठे लावणं. सगळे लावून झाले, एक राहिला. भास्करभाऊंचा. त्यांच्या माउसवर कुणाचा हात नसतो, तरी पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत असतो. भाऊ शेजारी, पाहुण्यासमोर बसावं तसे, हात मांडीवर ठेवून बसलेले.

कडोदऱ्याच्या या कापड कारखान्याचं ऑफिस मी सांभाळते. भाऊ अमळनेरकडचे, स्टॉक बघतात. स्टॉकचा प्रोग्राम इतका जुना, की रोज सकाळी तीच बटणं त्याच क्रमानं दाबली तरच कालच्या मालाचा कागद निघतो. ते काम बाणाला शिकवून ठेवलंय. माणसानं एकदा करून दाखवायचं, कॉम्प्युटर ते टिपून घेतो आणि रोज तस्संच करतो.

पण हा बाण सरळ जात नाही. ‘सेव्ह’पाशी आला की भोवती छोटी गिरकी घेतो, मग दाबतो. मध्येच एके ठिकाणी नुसता थांबतो. तेव्हा भाऊ कीबोर्डपाशी चहाचा कप ठेवतात. स्वतः पीत नाहीत. एकदा मी मुद्दाम माउस धरला, तर धरलेलं मनगट सोडवून घ्यावं तसा बाण ओढ घेत राहिला.

झाडू मारणाऱ्या जशीबेननं त्या टेबलाखाली झाडणंच सोडलं. “बेन, त्यां कोई बेठुं छे,” कानात सांगून गेली.

“बसू दे. पाय वर घ्यायला सांग आणि झाड.”

मला वेळ वाचण्याशी मतलब. भाऊंकडून मीही शिकले. भराभर बटणं दाबून दाखवली. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडायला जरा रेंगाळला. माझा बाण कशाला थांबतोय! भलतीकडेच दाबत सुटला आणि प्रिंटरमधून गेल्या वर्षीचा अख्खा स्टॉक बाहेर यायला लागला.

“ताई, तुम्ही त्याला पळायला शिकवलं, थांबायला नाही,” प्रिंटर बंद करत भाऊ म्हणाले. “घाई चालत नही.” हे त्यांचं रोजचंच वाक्य.

तर आज मी पेचकस घेऊन उभी. “भाऊ, उठा. मॉनिटर बदलायचाय.”

“नको ताई. पडदा मोठा झाला की बटणं सरकतील. बाण जुन्याच जागी दाबत बसेल.”

“मग नव्यानं शिकवा. तुम्हाला काय अवघड?”

“मी नाही शिकवलेलं.”

“मग कुणी?”

बाण थांबला होता. भाऊंनी कप जरा पुढे सरकवला. “सुमननं. इथं चहा प्यायची ती.”

सुमन म्हणजे त्यांची बायको. पूर्वी याच टेबलावर काम करायची. मी इथं लागले त्याच्या आधीच वारली.

“नव्या पडद्यावर शिकवायला,” भाऊ म्हणाले, “तिचा हात कुठून आणू?”

बाण हलला. ‘सेव्ह’पाशी आला, गिरकी घेतली, दाबलं. इतके दिवस मी नुसता बाण बघत होते. आता त्यामागचं मनगट दिसलं.

मी पेचकस ड्रॉवरमध्ये टाकला.

४ जुलै. सकाळी उरलेला मॉनिटर खोक्यासकट कपाटावर चढवला आणि चहावाल्याला भाऊंच्या टेबलावर दोन कप ठेवायला सांगितलं. बाण थांबला तशी मी म्हटलं, “भाऊ, तुम्हीपण घ्या. रोज तिला एकटीलाच प्यायला लावता.”