एकशे चौऱ्याऐंशी फेटे आणि दहा मिनिटं

एखादा व्यवसाय किती पुढं गेला आहे, हे त्याच्या वार्षिक अधिवेशनात किती शाली पांघरल्या गेल्या यावरून बिनचूक सांगता येतं. या कसोटीवर सातारा-सांगलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरांचा व्यवसाय कमालीचा प्रगत म्हणावा लागेल. त्यांच्या पशुचिकित्सक मंडळाच्या सतराव्या अधिवेशनात एकशे सोळा शाली लागल्या. (पैकी एक मुख्य पाहुण्यांच्या ड्रायव्हरला, गैरसमजातून. त्यानं चार शब्दही बोलून घेतले आणि ते दिवसभरातलं सर्वांत आटोपशीर भाषण ठरलं.)

आटपाडीच्या डॉ. रेश्मा त्या अधिवेशनात दहा मिनिटं बोलणार होत्या. त्याच्या आदल्या वर्षीही बोलणार होत्या. त्यांचा विषय साधा होता. त्यांच्या भागातले मेंढपाळ दिवाळी झाली की कळप घेऊन निघतात आणि वाईवरून खंडाळ्यापर्यंत चालत जातात. वाटेत मेंढरं आजारली की दिसेल तो दवाखाना गाठतात. तिथला डॉक्टर मन लावून तपासतो आणि जंतावरचं औषध देतो. तेच औषध मागच्या मुक्कामातल्या डॉक्टरनं आठच दिवसांपूर्वी दिलेलं असतं. मोठी मेंढरं ते सोसतात, कोकरं सोसत नाहीत. यावर रेश्माबाईंनी एक कार्ड केलं होतं, पुठ्ठ्याचं, मेंढपाळाच्या खिशात मावणारं. औषध दिलं की डॉक्टरनं त्यावर नाव आणि तारीख लिहायची, पुढच्यानं आधी ते वाचायचं. एवढंच. पण वाटेवरच्या सगळ्यांनी लिहिलं तरच त्याचा उपयोग, आणि वाटेवरचे सगळे डॉक्टर एका छताखाली येतात ते फक्त अधिवेशनाला.

दोन्ही वर्षी त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा जेवणाची पंगत बसली होती. बिराप्पा नावाचा त्यांच्या ओळखीचा एक मेंढपाळ दर वर्षी निघताना विचारायचा, "बाई, आवंदा तरी त्ये कार्डाचं जमलं का?" आणि रेश्माबाईंना फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

अठराव्या अधिवेशनाचं मात्र नशीब उघडलं. मंडळाचे अध्यक्ष डॉ. आप्पासो यांचे जावई धैर्यशील त्या वर्षी अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आले. ते पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांना स्ट्रॅटेजी सांगतात. पुरणाचा तिसरा धोंडा पोटात गेल्यावर त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "आप्पा, तुमच्या अधिवेशनाचं धोरण काय?" आप्पासोंनी प्रामाणिकपणे सांगितलं की धोरण असं काही नाही, कार्यालय तेवढं बुक केलंय. जावईबापूंनी चमचा खाली ठेवला. जावयानं जेवताना चमचा खाली ठेवणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. त्याच दुपारी त्यांची मंडळाचे मानद सल्लागार म्हणून नेमणूक झाली.

रेश्माबाईंना मनापासून आनंद झाला. कुणीतरी एकदाचं वेळेचा हिशेब विचारणार होतं! धैर्यशीलनी खरोखरच विचारला. गेल्या अधिवेशनाचं व्हिडिओ चित्रीकरण त्यांनी पूर्ण पाहिलं (असं करणारे ते पहिलेच, व्हिडिओवाल्यानंही पाहिलं नव्हतं) आणि कार्यकारिणीपुढं आकडे मांडले. एकूण वेळ तीनशे सत्तर मिनिटं. मुख्य पाहुण्यांची वाट पाहणं, ऐंशी. पंख्याखाली दीपप्रज्वलन, पंचवीस. सत्कार, एकशे पासष्ट. जेवण, पंचाहत्तर. आभार, एकोणीस. व्यवसायाशी संबंधित विषय, सहा, त्यात माइकची खरखर धरलेली.

"सहा!" रेश्माबाई जवळजवळ उठून उभ्या राहिल्या. "मी हेच तर सांगतेय दोन वर्षं."

"करेक्ट, मॅडम," धैर्यशील म्हणाले. "म्हणजे आपली ताकद कशात आहे हे आता स्पष्ट झालं."

इथून पुढचा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की त्यात बोट घालायला जागा नव्हती. यशस्वी संस्था जे उत्तम जमतं तेच करते आणि जे जमत नाही ते सोडून देते. मंडळाला सत्कार उत्तम जमतात, विषय जमत नाही. शिवाय सभासदांची पाहणी केली, तर ज्यांचा सत्कार झाला ते शंभर टक्के समाधानी निघाले. ज्यांचा झाला नाही त्यांच्यात हे प्रमाण शून्य (काहींनी फॉर्मवर नुसतेच शब्द लिहिले, ते टक्केवारीत बसले नाहीत). सबब समाधान शंभर टक्क्यांवर न्यायचं तर एकच उपाय उरतो. एकशे चौऱ्याऐंशी सभासद, एकशे चौऱ्याऐंशी सत्कार.

"पण समद्यांचा करायचा कुणी?" आप्पासोंनी शंका काढली.

त्याचीही योजना तयार होती. हजेरीपटावरचा पहिला दुसऱ्याचा सत्कार करील, दुसरा तिसऱ्याचा, आणि एकशे चौऱ्याऐंशीवा पुन्हा पहिल्याचा. मुख्य पाहुणा लागणारच नाही, म्हणजे ऐंशी मिनिटं वाचली.

"ती ऐंशी मिनिटं आहेत ना, त्यातली दहा मला द्या," रेश्माबाई म्हणाल्या.

"ती फेट्याला गेली, मॅडम." धैर्यशीलना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "एका फेट्याला चार मिनिटं, बांधणारे तिघं. चार तास पाच मिनिटं होतात. मीच चिंतेत आहे."

बैठक संपल्यावर रेश्माबाईंनी आप्पासोंना जिन्यात गाठलं. आप्पासो माणूस भला. चाळीस वर्षं त्यांनी रात्री-अपरात्री अडलेल्या गाई सोडवल्या होत्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून वाचलं आणि म्हणाले, "लय झ्याक हाय गं पोरी. अगदी कामाचं हाय. पर जावईबापूंनी डोकं लावलंय, आता त्यास्नी न्हाई कसं म्हणायचं? लेक काय म्हणंल?" सासरा जावयाला नाही म्हणाला, अशी नोंद मंडळाच्या इतिवृत्तात कुठंच नाही, आणि इतिवृत्त चार खंडांत आहे.

तरी आप्पासोंनी शब्द टाकला. जावईबापू विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. कार्ड अधिवेशनात घ्यायचं ठरलं होतं, नुसतं घ्यायचं नाही, तर केंद्रस्थानी. प्रत्येक डॉक्टरच्या हातात एक कार्ड पडेल याची हमी. त्या रात्री रेश्माबाई कितीतरी दिवसांनी निवांत झोपल्या.

अधिवेशन वाईला, घाटाजवळच्या कार्यालयात झालं आणि मिनिटाचाही फरक न पडता पार पडलं. अर्धे सभासद रांगेत, उरलेले फेटेवाल्यांपुढं, त्यामुळं खुर्च्यांवर कुणीच नव्हतं. टाळ्यांची सोय ध्वनिमुद्रणानं केली होती. ती माइकवाल्यानं कुस्तीच्या मैदानातून उचललेली असल्यानं प्रत्येक शालीमागे हलगी कडाडत होती आणि कुणीतरी "मार ढाक!" म्हणून ओरडत होतं. डॉक्टरांच्या अंगात त्यामुळं एक वेगळाच जोर आला होता.

कार्ड खरोखरच प्रत्येकाच्या हातात पडलं. स्मृतिचिन्ह म्हणून. दीड फूट उंच, सोनेरी चौकटीत, काचेखाली. तारखेचे आणि औषधाचे रकाने मोत्याच्या रंगात छापले होते. एकशे सदुसष्टाव्या क्रमांकावर रेश्माबाईंचाही सत्कार झाला, "नियोजित व्याख्यानाबद्दल". फेटा डोळ्यांवर आला होता. तो वर सारून त्या माइककडे वळल्या, तेवढ्यात हलगी वाजली आणि एकशे अडुसष्टावा पुढं आला. शाल त्यालाच घालायची होती, ती त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती घातली. रांग थांबवायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि त्याचं त्यांना पुढं फार दिवस वाईट वाटत राहिलं.

पाहणीत समाधान शंभर टक्के भरलं. व्याख्यान स्मरणिकेत सत्तेचाळीसाव्या पानावर आहे.

दिवाळी झाली, कळप निघाले. पावसाळ्याच्या तोंडाला बिराप्पा परत आला आणि थेट दवाखान्यात येऊन उंबऱ्यापाशी बसला.

"आवं बाई, तुमचं नाव लय झालंया," तो म्हणाला. "वाटंनं जाईल त्या दवाखान्यात तुमचं कार्ड भितीवर. एकानं तर हार घातलाय."

"आणि लिहिलं का त्यांनी? औषधाचं?"

"काचंवर कसं ल्ह्यायचं? वाईच्या डॉक्टरानं औषध दिलं, खंडाळ्याच्यानं बी त्येच दिलं. म्या म्हनलं, सायेब, ह्ये झालंय वाईला. तर कार्डाकडं बोट दावून म्हनला, आमाला शिकवू नगंस, आमचा सत्कार झालाय ह्येच्यात."

"कोकरं?"

बिराप्पानं पटक्याचं टोक तोंडाला लावलं. मग म्हणाला, "नऊ."

रेश्माबाईंनी खणातून जुनं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, त्यावर आपल्या हातानं औषध आणि तारीख लिहिली आणि ते त्याच्या खिशात घातलं. एवढंच त्यांच्या हातात होतं.

हे वाचून आपल्याला वाईट वाटलं असणार. मंडळानं त्याची नोंद घेतली आहे. एकोणिसाव्या अधिवेशनात, धैर्यशील यांच्याच सूचनेवरून, "हळहळ व्यक्त करणारे जागरूक नागरिक" असा स्वतंत्र गट केला असून त्यात आपला यथोचित सत्कार होईल. सोबतच्या फॉर्मवर पूर्ण नाव आणि फेट्याचा आवडता रंग तेवढा भरायचा आहे. स्मरणिकेतलं सत्तेचाळीसावं पान घरपोच हवं असल्यास खूण करण्यासाठी खाली एक चौकोन दिलेला आहे. आजवर चारशे बारा फॉर्म आले, रंग सर्वांनी भरला आहे.