दसाराम काकांचं दार

आमच्या वस्तीत दार कुणाच्याच घराला नव्हतं. ताटी होती. बांबूच्या कामट्यांची विणलेली, दोरीने बांधलेली. कुत्रंसुद्धा नाकाने ढकलून आत येई. घराखालची जमीन मालगुजाराची, छपरावरचं गवत त्याच्या रानातलं, म्हणून आतली माणसंही आपलीच, असं तो धरून चालायचा. त्याचा कामदार सकाळी यायचा, काठीच्या टोकाने ताटी बाजूला करायचा आणि जोड्यांसकट चुलीपर्यंत जायचा. आत कोण निजलंय, कोण लुगडं बदलतंय, हे पाहण्याची त्याला गरज वाटत नसे. "चलो रे, रोवण्यावर," म्हटलं की धानाची रोपं लावायला निघायचं. बदल्यात मिळाली तर तांदळाची कणी, नाही तर शिवी.

अशा वस्तीत माझे चुलते दसाराम काका यांनी घर बांधलं. म्हणजे दार बांधलं. घर पुढे बरीच वर्षं नव्हतं.

झालं असं, की मालगुजारी कायद्याने गेली, आणि छप्पन साली वस्ती बौद्ध झाली तेव्हा आम्ही बेगार सोडली. मालगुजाराने मग शेतावर काम देणंच सोडलं. काका उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत गेले. काही वर्षांनी परत आले ते दार घेऊन. तिकडे एक जुना बंगला पाडत होते, त्याचं सागवानी दार काकांनी चौकटीसकट विकत घेतलं होतं. बालाघाटपर्यंत ट्रकवर आणि तिथून आमच्या लामता स्टेशनापर्यंत छोट्या रेल्वेने ते आणलं. गाडीतल्या गार्डाने विचारलं, "ये क्या है?"

"मकान."

"बाकी मकान कहाँ है?"

"तेच तं बांधाले जाऊन राह्यलो, साहेब."

वस्तीच्या टोकाला चार लाकडी बल्ल्यांवर गवत टाकून त्यांनी पुढच्या बाजूला चौकट खोल गाडली. आत खाट, चूल, मडकं. भिंत उचलली की मालगुजाराची माणसं येऊन पाडत. ही जागा आमच्या खळ्याची, म्हणत. माती लाथेने पडते, सागवान पडत नाही. त्यामुळे दार तेवढं उभं राहिलं, आणि तिन्ही बाजू मोकळ्या असलेल्या त्या घरात काका दाराची कडी लावून राहू लागले.

"पह्यले कडी वाजव, मंग ये," हे त्यांचं पालुपद. सख्ख्या भावालाही सूट नव्हती. एकदा पोस्टमन आला. काका त्याच्यापासून दोन हातांवर, खाटेवर बसून भाकर खात होते. पोस्टमन बाजूने जाऊन पत्र देऊ लागला, तर काका त्याच्याकडे बघेचनात. बिचारा फिरून पुढे आला, कडी वाजवली.

"कोन हाय?" काकांनी आतून विचारलं.

"अजी काका, मी दिसून नाई राह्यलो का तुमाले?"

"दिसून राह्यला. पन दार लावलं हाय ना बापू!"

हात धुऊन काका उठले, कडी काढली, "ये, बस," म्हणाले, पाणी दिलं आणि मग पत्र घेतलं. पत्र माझ्या वडिलांच्या नावचं होतं.

बकऱ्या मात्र बाजूने येत आणि जात. त्यावर कुणी टोमणा मारला की काका म्हणत, "बकरीनं मले कधी बेगारीले नेलं नाई."

निवडणुकीत मतं मागायला आलेले एक पुढारी हात जोडून सरळ बाजूने आत शिरले आणि बराच वेळ बोलले. ते गेल्यावर वडिलांनी विचारलं, "का म्हने?" काका म्हणाले, "कोन? माह्या घरी तं कोनी आलं नाई."

गाव हसायचं. वस्तीही हसायची. मीही हसायचो. मी तेव्हा बालाघाटला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी सही करणारं कुणी नव्हतं, हे मी अभिमानाने सांगतो. सुटीत आलो की मी आतल्या कडीकडे बोट दाखवायचो. ती गुडघ्याच्या उंचीवर ठोकलेली होती. "काका, कडी इतकी खाली काहून?"

"निजल्या निजल्या हात पुरला पाह्यजे," ते म्हणत. मला तो आळस वाटे.

आईने एकदा मला गप्प केलं. म्हणाली, "तुही काकी बाळंतीन होती. पाचवा दिवस. तुह्या काकाले मालगुजारानं गाडी हाकाले वारासिवनीले धाडलं होतं. कामदारानं ताटी सरकवली अन् तिले उठवलं, रोवन्यावर नेलं. दिवसभर पान्यात. मंग ताप. पह्यले लेकरू गेलं, मंग ते गेली. तुहा काका आला तवा तिले माती देऊन झालती." आणि जरा थांबून, "ताटीले कडी नसते, बाबू."

त्यानंतर मी हसलो नाही. मात्र काकांपाशी हा विषय कुणी काढला, की ते उठून बकऱ्या हाकलायला लागत.

मी बी.ए. होऊन परतलो त्याच वर्षी पटवारी वस्तीत आला. ज्याचं घर ज्या जागेवर, ती जागा त्याच्या नावावर चढणार होती. घर नसेल तर जागा गेली. मालगुजाराचा मुलगा पटवाऱ्याबरोबरच होता. एकेक झोपडी लिहीत दोघे काकांच्या टोकाला पोचले. काकांनी नेहमीसारखी कडी लावलेली, आणि स्वतः आत खाटेवर बसलेले. तिन्ही बाजूंनी दिसत होते.

पटवाऱ्याने काकांची ख्याती ऐकली होती. त्याने हसत हसत कडी वाजवली.

"कोन हाय?"

"पटवारी. खोलो भाई."

काकांनी दार उघडलं. मालगुजाराचा मुलगा मात्र बाजूने आत गेला, जोड्यांसकट, चुलीपर्यंत. चौफेर बघून म्हणाला, "लिखिए, पटवारीजी. खाली जगह. चार डंडे गाड़ने से मकान हो जाता है क्या?"

पटवाऱ्याची लेखणी थांबली. वस्तीतली माणसं खाली बघत होती. माझे वडीलसुद्धा. पिढीजात सवय.

मी पुढे झालो. "पटवारीजी, आपने कुंडी क्यों बजाई?"

"दरवाज़ा बंद था, इसलिए."

"खाली जगह पर कोई कुंडी बजाता है?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग बायका मोकळ्याने हसू लागल्या. मालगुजाराचा मुलगा लाल झाला. पटवाऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकांकडे, आणि लिहिलं: मकान, कच्चा. रहिवासी दसाराम.

काकांनी मडक्यातलं पाणी घेऊन चुलीपुढची जमीन सारवायला घेतली, जोडे उमटले होते तिथे.

पुढे भिंती झाल्या. आम्हीच माती तुडवली. काकांना एकदाचं घर मिळालं, पण ते त्यात फारसे राहिलेच नाहीत. वस्तीतली कुठलीही बाई दिवस भरत आले की काका तिच्या घरी जात, ताटी वाजवत, आणि तिच्या सासूला सांगत, "सूनबाईले माह्या घरी आना. जागा मोकळी हाय." बाळंतीण आत निजल्या निजल्या कडी लावी, काका बाहेर खाटेवर, हातात काठी. आतल्या पोराचं रडणं ऐकू आलं की कूस बदलत. नवरा आला तरी विचारत, "कोन हाय?" माझी थोरली मुलगी त्याच घरात जन्मली. काका तिला बघायला आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "आवाज खनखनीत हाय."

आता वस्तीत प्रत्येक घराला दार आहे आणि जागा ज्याच्या त्याच्या नावावर आहे. मालगुजाराच्या घरचं कुणी अजूनही कडी वाजवून आमच्याकडे आलेलं नाही. न वाजवता आत शिरणं मात्र बंद झालं. एवढं झालं.