वसंतअण्णांचा छापखाना

माझ्या मुलीच्या शाळेच्या ओळखपत्रावर, तिच्या डाव्या खांद्याच्या वर, म्हशीचं शिंग आहे. वर्गातली मुलं विचारतात, हे काय आहे? इरा सांगते, "आमच्या खालचे अण्णा."

तसं तिचं उत्तर बरोबरच आहे. मारतहळ्ळीतल्या आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या खाली, वसंतअण्णा राहतात. मूळचे निपाणीचे. बँकेच्या नोकरीत बेंगळूरला आले आणि इथलेच झाले. आता निवृत्त आहेत, एकटेच असतात. त्यांच्याकडे फोटो छापायचा प्रिंटर आहे आणि पृथ्वी वाचवायची जबाबदारी आहे. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच टेबलावर मांडून ठेवल्यात.

पान पूर्ण भरल्याशिवाय छापायचं नाही, हा अण्णांचा पहिला नियम. इराचा फोटो घेऊन गेलो तर म्हणाले, "एकच? आणि उरलेलं पान काय वाऱ्यावर सोडू? थांब की स्वल्प. पान भरू दे."

पान भरायला माणसं लागतात. मी रोज ऑफिसातून येताना त्यांच्या दारात डोकावायचो आणि अण्णा मान हलवायचे. शाळेतून निरोपावर निरोप येत होते. केतकी, म्हणजे माझी बायको, वैतागून दुकानात निघाली, तर अण्णांनी तिला जिन्यातच गाठलं. "बोटाएवढ्या फोटोसाठी पेट्रोल जाळणार तू?" ती परत वर आली. शेवटी तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी साखरपुडा झाला, वॉचमनच्या गावाकडून म्हशीचा फोटो आला आणि पान भरलं. दोन फोटोंच्या मध्ये कोरी पट्टी सोडणं अण्णांना मंजूर नाही, आणि त्यांची कात्री थोडी तिरकी चालते. शिंग आलं ते असं.

छापण्याआधी मुलाखत होते. "भिंतीवर लागणार की कपाटात जाणार?" कपाटात म्हणालात की संपलं. इराच्या वाढदिवसाचे ढीगभर फोटो मी पाठवले होते, अण्णांनी त्यातले तीन पास केले. तिन्हींत माझी फक्त पाठ आहे. मी तक्रार केली तर म्हणाले, "तू दिसतोसच की रोज. आणि चेहरा आला असता तर शाई किती गेली असती!"

शाई ते बाटलीतून भरतात, कारण डबी संपली की फेकावी लागते. फोटोला प्लास्टिकचं आवरण चढवत नाहीत. "फोटो काय पावसात फिरायला जाणार आहे?" चकचकीत कागद तर त्यांच्या घरात येतच नाही. त्याचं कारण आम्हाला कळलं सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी. आमच्या लग्नाचा एक डाग पडलेला जुना फोटो मी फाडून सुक्या कागदाच्या डब्यात टाकला होता. सकाळी अण्णा ते तुकडे जुळवून सगळ्यांसमोर उभे. "समीर, हा फेटा तुझाच ना? ह्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो. तो कागदात चालत नाही." सोसायटीच्या निम्म्या लोकांनी माझं लग्न त्या दिवशी पाहिलं.

एकदा मी बंड केलं. फोटो ऑनलाइन मागवले. पार्सल खाली गेटवरच उघडलं आणि घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, तर आत नेमके अण्णा. मोठा खोका, त्यात फुगवलेल्या पिशव्या, त्यात प्लास्टिक, त्यात पुठ्ठा आणि तळाला मूठभर फोटो. अण्णा नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि आपला मजला आला तरी उतरले नाहीत. आमच्या दारापर्यंत आले, रिकामा खोका मागून घेतला, "सरी," म्हणजे कानडीत 'ठीक आहे', म्हणाले आणि गेले.

मग आई आमच्याकडे राहायला आली. साताऱ्याला एकटी राहणं आता जमत नव्हतं तिला. गॅस चालू राहायचा, नावं निसटायची. इथे आल्यावर ते वाढलं. आम्ही फोनवर फोटो दाखवायचो, पण बोट लागून चित्र सरकलं की ती घाबरायची. परवा सकाळी मी बूट घालत होतो, तर तिने अगदी अदबीने विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

त्या दिवशी कामात लक्ष लागेना. दुपारीच घरी आलो. बघतो तर जेवणाच्या टेबलावर आईसमोर अण्णा बसलेले. मध्ये पत्त्यांएवढे फोटो पसरलेले. केतकी हळूच म्हणाली, "आठवडाभर येतायत. आपले जुने फोटो मागून नेले माझ्याकडून, छापायला."

आई एकेक फोटो उचलून अण्णांना सांगत होती. ही धाकटी नणंद. हे आमचं दार. हिला पोहता यायचं. अण्णा प्रत्येक फोटोला नव्याने विचारत होते, "होय? आणि ही कोण म्हणायची?" वैतागाचा मागमूस नव्हता.

मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. आवाज खाली आणून म्हणाले, "सकाळचं केतकीने सांगितलं मला. मनाला लावून घेऊ नकोस रे. आमची ही शेवटी शेवटी मलाच म्हणायची, तुम्ही कोण? पण फोटोतला मी तिला कळायचो. मशीन तेव्हाच घेतलं."

मला त्यांच्या बायकोचं नावही माहीत नव्हतं. मी बसलो.

आईने एक फोटो माझ्यापुढे सरकवला. हाफ पँटीतला, दात पडलेला मुलगा.

"हा आमचा समीर," ती म्हणाली. "बेंगळूरला असतो. फार काम असतं त्याला. पण गुणी आहे हो."

"असं का?" मी म्हटलं. "सांगा ना अजून त्याच्याबद्दल."