कुंपणापलीकडचे चेंडू

सुवर्णमहोत्सवाची पहिली किक मीच मारणार, हे मी समितीच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. का नाही मारणार? क्रॅगथॉर्प लेडीज फुटबॉल क्लबच्या पहिल्या संघातली, अजून विनाकाठी चालणारी एकमेव बाई म्हणजे मी, जॅनिस! सोळाव्या वर्षी बिस्किटांच्या कारखान्यातून सुटले की तशीच पिठाच्या हातांनी मैदानावर यायचे. वीस वर्षं गोल राखला. आता सामन्याच्या दिवशी क्लबच्या खिडकीतून चहा देते आणि शिवाय इतिहास समितीची अध्यक्ष आहे. समितीत आणखी कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

तर त्या रविवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर विभागात राहणार. बरोबरी झाली तरी खाली जाणार. आणि आमच्या खाली विभागच नाही! म्हणजे क्लबला कुलूप. पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी!

पण मी घाबरणाऱ्यातली नाही. मी जोरात सजावट केली. सरावाचे सगळे चेंडू सोनेरी रंगवून क्लबच्या छपराला माळेसारखे टांगले. सामन्यासाठी दोन चेंडू ठेवले. दोन पुरतात की! एका वेळी खेळतात एकानेच.

बॅंड वाजला, टाळ्या झाल्या. मी चार पावलं मागे गेले आणि अशी सणसणीत किक मारली की चेंडू कोपऱ्यातल्या झाडावरून, कुंपणावरून थेट मिस्टर क्लेग यांच्या बागेत!

सगळ्या मैदानाने कपाळाला हात लावला. क्लेग यांच्या फाटकावर पाटी आहे, 'चेंडू परत मिळणार नाहीत'. पन्नास वर्षांत एकही मिळालेला नव्हता. खिडकीत कधीकधी त्यांचं डोकं दिसायचं, ओरडणं ऐकू यायचं, तेवढीच ओळख.

"काळजी नको!" मी ओरडले. "अजून एक आहे!"

सामना रंगला. पाहुण्यांनी एक गोल केला, आम्ही एक फेडला. आणि मग, थोडाच वेळ उरलेला असताना, आमच्या बचावातल्या एका पोरीने घाबरून चेंडू उडवला. झाडावरून. कुंपणावरून.

आमची प्रशिक्षक लोर्ना धावत खिडकीशी आली. "जॅनिस, सरावाचे चेंडू कुठेत?"

"वर."

"वर म्हणजे?"

मी बोटाने दाखवलं. लोर्नाने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग ती शिडी आणायला पळाली.

एक चेंडू तोडून खाली घेतला. रंग अजून ओला! आमच्या गोलकीपरने झेलला, तर तो तिच्या हातमोज्यांना असा चिकटला की सोडवायला दोघी लागल्या. पाहुण्यांच्या एका उंच पोरीने हेडर मारला आणि ती कपाळभर सोनं लेवून नवरीसारखी उभी राहिली. रेफरीने शिट्टी मारली.

"बाई, हा चेंडू आहे की ख्रिसमसची सजावट? धड चेंडू आणा, नाहीतर सामना इथेच संपला!"

पाहुण्यांकडे चेंडू होते, पण त्यांना बरोबरी पुरत होती. त्यांच्या प्रशिक्षकाने पिशवीला गाठ मारली आणि तिच्यावर बसकण मारली!

"जा," लोर्ना मला म्हणाली. "किक तुझी, रंग तुझा, आता फाटकही तूच वाजव."

मी एप्रनसकट पळाले. फाटकाशी पाटी वाचली, डोळे मिटले आणि कडी वाजवली. क्लेग बाहेर आले. नव्वदीचे, काटकुळे, अंगात स्वेटरवर स्वेटर.

"साहेब, आमचा चेंडू... म्हणजे चुकून..."

"कुठला हवाय?" त्यांनी बागेतल्या लाकडी शेडचं दार उघडलं.

मी आत पाहिलं आणि बघतच राहिले. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर चेंडू! पुसलेले, हवा भरलेले, ओळीने मांडलेले. चामड्याचे, पांढरे, काळे-पांढरे, एक बर्फात दिसावा म्हणून नारिंगी.

"हा तुमचा पहिला," क्लेग म्हणाले. "आणि हा पॉलीनचा. पुरुषांच्या क्लबचा तो सेक्रेटरी तुम्हाला मैदानातून हाकलायला आला होता ना? तिने त्याच्या टोपीवर नेम धरला होता. थोडक्यात हुकला."

पॉलीन आमची पहिली कप्तान. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तो चेंडू हातात घेतला आणि मला रडूच फुटलं. सुवर्णमहोत्सवासाठी मी क्लबात मांडलेल्या प्रदर्शनात काय होतं? एक बूट आणि एक शिट्टी. आमचा सगळा इतिहास इथे कुंपणापलीकडे बसला होता!

"पण साहेब, परत का नाही दिलेत?"

"मागायला आलंच कोण, पोरी?"

"पण ती पाटी!"

"ती? आधीच्या मालकाची. उखडून कोण काढत बसतो?"

पन्नास वर्षं! पन्नास वर्षं आम्ही चेंडू विकत घेत होतो आणि कोणी कडी वाजवली नव्हती!

त्यांनी आजच्या दोनपैकी एक चेंडू माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. "एक काम करा. ती सात नंबरची पोरगी मागे बचावात कुजवताय. तिला पुढे घाला. वर्षभर खिडकीतून ओरडतोय मी!"

"आम्हाला वाटायचं, शिव्या देताय!"

"त्याही देत होतो."

मी चेंडू एका हाताने आणि क्लेगना दुसऱ्या हाताने धरून मैदानावर आणलं. लोर्ना चिडली. "सातला पुढे? तिला सात नंबर दिलाय कारण तोच शर्ट तिला बसतो! चेंडू उडवला कोणी? तिनेच!"

"म्हणूनच!" क्लेग म्हणाले. "इतकी जोराची लाथ उलट्या दिशेला कशाला वाया घालवताय?"

वाद घालायला वेळच नव्हता. सात नंबरची टॅमझिन पुढे गेली. पहिला चेंडू हुकला. दुसरा खांबाला लागला. तिसरा तिने असा हाणला की गोलकीपर बिचारी बाजूला झाली आणि जाळी फाटली! गोल! रेफरीची शेवटची शिट्टी तर कोणाला ऐकूच आली नाही. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, लोर्ना रडली, मी रेफरीचा मुका घेतला. आम्ही राहिलो! क्लब राहिला!

क्लेगना खांद्यावर घेऊन क्लबात आणलं, मानाच्या खुर्चीत बसवलं. मी स्वतः माझ्या हातचा चहा दिला. त्यांनी सावकाश एक घोट घेतला.

"साहेब," लोर्ना त्यांच्यासमोर उकिडवी बसली, "तुमचं आता आम्ही सगळं ऐकणार. पुढच्या हंगामात आणखी काय बदलू?"

सगळ्या कान टवकारून उभ्या राहिल्या. क्लेगनी कपात पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आधी ही चहावाली बदला."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मीही वाजवल्या. काय करणार, माणूस अजून एकदाही चुकला नव्हता!