तळाला लागलेलं तिझान

"माझ्या तिझानासमोर कोण टिकतंय, तेच बघते!" बर्नादेतने अंगणवाडीच्या बैठकीत जाहीर केलं, तेही चहा यायच्या आधी. चहानंतर माणूस मवाळ होतो; ती जोखीम तिला घ्यायची नव्हती.

बैठक होती तारकर्लीजवळच्या त्या वाडीतल्या सात कमी वजनाच्या मुलांसाठी. चर्चचा महिला गट, देवळाकडचा बचत गट आणि परसात कोंबड्या पाळणारे भाई, सगळे एकत्र आले होते. दर गुरुवारी एकाने पदार्थ आणायचा. मुलं जो चाटूनपुसून खातील तो कायमचा फळ्यावर, करणाऱ्याच्या नावासकट! अंगणवाडीच्या दुर्गाबाईंनी तसं ठरवूनच टाकलं होतं.

बर्नादेतला फळ्यावर एकच ओळ हवी होती. 'जासिंतमायचं तिझान. करणार: बर्नादेत.'

जासिंतमाय म्हणजे तिची आई. नाचणीचं सत्त्व, गूळ आणि नारळाचा रस आटवून माय तिझान करायची आणि ते खाऊन वाडीतल्या दोन पिढ्यांनी बाळसं धरलं होतं. मार्चमध्ये माय गेली. म्हापशाच्या शाळेतली नोकरी सोडून बर्नादेत घरी आली, तेव्हा मायचं पातेलं घासून पालथं ठेवलेलं होतं. तिने ते सरळ केलं. त्या दिवशी तेवढंच जमलं.

अडचण एकच. कुंपणापलीकडची सुगंधा! सातव्या दिवसाच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, ही बाई पोटच्या मुलीपेक्षा मोठ्याने रडली होती, इतकी की पाद्रींनी सांत्वनासाठी आधी तिचाच हात धरला. आणि आता भर बैठकीत ती म्हणाली, "माका मायन हाताक धरून शिकयल्यान. तिझान मीव हाडतंय."

हाताला धरून! मायने बर्नादेतला चुलीपाशी कधी उभंसुद्धा केलं नव्हतं. 'तू वाच गो,' एवढंच म्हणायची. बर्नादेतने आयुष्यभर वाचलं, आणि इकडे सुगंधा पातेल्यापाशी पोचली!

पहिला गुरुवार सुगंधाचा. मुलांनी वाट्या अशा चाटल्या की दुर्गाबाईंनी त्या धुवायच्या की नाहीत याचा क्षणभर विचार केला. पण तिझानावर दावा दोघींचा, म्हणून फळ्यावरचं नाव तिसऱ्या, सगळ्यांच्या गुरुवारी ठरायचं होतं. दुसरा गुरुवार बर्नादेतचा. तिने सत्त्व तीनदा गाळलं, गूळ पारखून घेतला, तासभर हात न थांबवता ढवळलं. तिझान आरशासारखं चकचकीत झालं. छोट्या अवनीने जिभेचं टोक लावलं आणि वाटी परत केली.

"ह्या मायच्या सारख्या नाय," ती म्हणाली. चार वर्षांची पोर, पण निकाल हायकोर्टाचा!

त्या आठवड्यात बर्नादेतने घरी वेलची घातली, काजू घातले, जायफळ घातलं. मांजराने पातेल्याभोवती आदराने एक फेरी मारली आणि निघून गेलं. शेवटी बर्नादेत एका निष्कर्षाला आली. सुगंधा काहीतरी लपवतेय, आणि ते मायने फक्त तिलाच सांगितलंय! या विचाराने तिला जेवण जाईना.

म्हणून बुधवारी दुपारी, गावातली एक सुशिक्षित माजी शिक्षिका सुगंधाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, नारळाच्या सोडणांच्या ढिगावर चढून उभी राहिली.

आत चुलीवर तिझान रटरटत होतं. आणि सुगंधा? पाठ करून निवांत चवळीच्या शेंगा मोडत बसली होती! एक मिनिट गेलं. दोन गेली. तळाचा वास खिडकीपर्यंत आला, तरी बाई ढिम्म. हेरगिरीत गप्प राहावं लागतं हे बर्नादेतला माहीत होतं. पण डोळ्यांदेखत नाचणी लागताना पाहवेना.

"अगो लागता ता! ढवळ!" ती ओरडली.

सुगंधा किंचाळली. सोडणं घरंगळली. बर्नादेतने आधारासाठी वाळत घातलेली साडी पकडली आणि दोरीसकट खाली आली. "चोर! चोर!" करत भाई काठी घेऊन धावले, मागून दुर्गाबाई. साडीच्या गुंडाळ्यातून आधी चष्मा बाहेर आला, मग बर्नादेत.

"बाये, दार सताड उघडा आसा मगो!" सुगंधा म्हणाली. "खिडकीत्सून कित्याक?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मायन तुका काय सांगल्यान ता माका सांग. माका कित्याक नाय सांगल्यान?"

सुगंधाने तिच्या पायात अडकलेली दोरी सोडवली. "सांगल्यान काय! माय रोज तळाक लावी. तुझो फोन येय ना चार वाजता? तुझो आवाज आयकलो की माय चूल विसरान जाय. मी हयसून बोंब मारी, 'माये, लागला!' पोरांका तीच चव लागली. माझ्याकडे फोन कोणाचो नाय, म्हणान मी शेंगा मोडतंय."

'ठेव गो, ठेव, लागला!' असं म्हणून माय रोज घाईने फोन ठेवायची. आईला आपलं बोलणं कंटाळवाणं वाटतं, असं बर्नादेत बावीस वर्षं समजत आली होती.

"तळाला लागलेलं मुलांना?" दुर्गाबाईंनी वही उघडली.

"करपलेला नाय ओ, लागलेला," दोघी एकदमच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बर्नादेतने दोघींच्या वतीने पातेलं चढवलं आणि बरोबर किती लावायचं हे विचारायला कुंपणापलीकडे फोन लावला. सुगंधाने मायची एक गोष्ट सांगितली. बर्नादेतने एक सांगितली. मायने पाद्रींच्या चपला चुकून घालून बाजार केला ती, मायने कोळणीशी घातलेलं भांडण, मायचा शेवटचा रविवार... दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. पावणेदोन तासांनी बर्नादेतला धूर दिसला. तिझानाचा कोळसा झाला होता आणि पातेल्याला तळ म्हणावा असा उरला नव्हता!

अंगणवाडीत तोवर वेळ होऊन गेली होती. भाईंनी आणलेली उकडलेली अंडी मुलांनी दोन-दोन खाल्ली. अवनीने तिसरं मागितलं. दुर्गाबाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'भाईंची अंडी.'

दोघी धापा टाकत पोचल्या त्या नेमक्या तेव्हा.

"भाई, कशी केलास?" बर्नादेतने शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"उकडलंय," भाई म्हणाले. "आणखी काय करतलंय?"

घरी जाताना दोघींनी कुंपण येईपर्यंत पावलं आपटली.

"मीठसुद्धा नाय घातल्यान!" शेवटी सुगंधा फणकारली.

आयुष्यात पहिल्यांदाच बर्नादेतला सुगंधाचं म्हणणं शंभर टक्के पटलं.